गुडघ्याच्या झिजेसाठी व्यायाम कसा बसवावा: नव्या फिजिओथेरपिस्टसाठी पायरीपायरीने

इंटर्नशिपच्या दुसऱ्या महिन्यात मी एका आजींना गुडघ्याच्या व्यायामाचा छापील कागद दिला होता. कागदावर आठ व्यायामांची चित्रे होती, प्रत्येक चित्राखाली ‘१० × ३’ असे लिहिलेले होते आणि कागद हातात देताना मी ‘रोज करा हं, आजी’ एवढेच म्हटले होते. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या, तेव्हा तो कागद चार घड्या घालून बटव्यात ठेवलेला होता आणि त्यावर हळदीचे एक बोट उमटलेले होते, म्हणजे तो रोज उघडला जात होता. तरीही गुडघा पहिल्यापेक्षा जास्त दुखत होता आणि आता कंबरही धरली होती. ‘करून दाखवता का?’ असे विचारल्यावर त्यांनी उताणे झोपून दोन्ही पाय एकदम उचलले, श्वास कोंडून धरला आणि न थांबता तीसपर्यंत मोजत गेल्या. मी थांबवले तेव्हा म्हणाल्या, ‘दहा त्रिक तीस होतात ना, बाळा? तूच लिहिलंयस.’

मला दहा-दहाच्या तीन फेऱ्या, मध्ये थांबून, अपेक्षित होत्या; पण चूक त्यांची नव्हती. औषधाच्या चिठ्ठीवर आपण गोळीचे नाव, ताकद, वेळ आणि दिवस लिहितो. व्यायामाच्या बाबतीत मात्र चित्र दिले की काम झाले असे आपल्याला वाटते. व्यायाम बसवणे म्हणजे त्याची मात्रा ठरवणे, ती रुग्णाच्या अंगवळणी पाडणे आणि ठरावीक दिवसांनी मोजून बदलणे. ही तीन कामे कोणत्या क्रमाने करावीत, एवढेच या लेखात सांगितले आहे. उदाहरण म्हणून गुडघ्याची झीज घेतली आहे, कारण आपल्याकडच्या कोणत्याही ओपीडीत पहिल्या आठवड्यातच तुमच्यापुढे हा रुग्ण येणार आहे. हा लेख व्यवसायात नव्याने येणाऱ्यांसाठी आहे. रुग्णांनी तो वाचून परस्पर व्यायाम सुरू करू नयेत.

१. सुरुवातीला हाताशी काय असावे

रुग्णाला पहिल्या भेटीला येताना पुढील गोष्टी आणायला सांगा:

– डॉक्टरांची चिठ्ठी आणि असतील ते एक्स-रे, शक्यतो उभे राहून काढलेले
– पूर्वी शस्त्रक्रिया झाली असल्यास डिस्चार्ज कार्ड
– सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्या, त्यांच्या पाकिटांसह
– मधुमेह असल्यास अलीकडचा रक्तातील साखरेचा अहवाल
– रोज घालायच्या चपला

चपलांचे नाव वाचून नवखे हसतात. एका बाजूने झिजलेला तळवा आणि अंगठ्याने ओढत चालावी लागणारी सैल चप्पल या दोन गोष्टी रुग्णाच्या चालीविषयी पुष्कळ सांगून जातात.

तुमच्याकडे गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजणारे साधन), मापाची टेप, सेकंद दाखवणारे घड्याळ, बीपीचे यंत्र, अर्ध्या किलोपासूनचे वेट कफ (घोट्याला बांधायची वजने), दोन-तीन रंगांचे थेराबँड (ताणायचे रबरी पट्टे), एक टॉवेल आणि सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली, न हलणारी खुर्ची असावी. थेराबँडच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा: पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा हा वाढत्या ताकदीचा क्रम एका कंपनीचा आहे आणि इतर कंपन्यांचे रंग त्याच्याशी जुळतीलच असे नाही. केस पेपरवर नुसते ‘लाल बँड’ लिहून पुढच्या वेळी दुसऱ्याच कंपनीचा लाल बँड हातात दिला, तर प्रगती झाली की अधोगती हे तुम्हालाही कळणार नाही.

२. आधी वगळा, मग व्यायामाकडे वळा

रुग्णाने ‘गुडघा दुखतो’ म्हटले म्हणून दुखण्याचे मूळ गुडघ्यातच असते असे नाही. खुब्याच्या सांध्याचे दुखणे कित्येकदा फक्त गुडघ्यात जाणवते. म्हणून प्रत्येक रुग्णाचा खुबा आतल्या बाजूला फिरवून पाहाच, आणि कंबरेतून पायात उतरणारी कळ आहे का हेही विचारा. ही तपासणी न करता महिनाभर गुडघ्याला शेक आणि व्यायाम दिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, आणि त्यातले एक माझे स्वतःचे आहे.

पुढीलपैकी काही आढळले तर त्या दिवशी व्यायाम सुरू न करता रुग्णाला डॉक्टरांकडे परत पाठवा: तापासह लाल, गरम आणि सुजलेला सांधा; एकाच पोटरीला अचानक आलेली सूज आणि तेथे जाणवणारी ऊब; पडल्यानंतर पायावर अजिबात भार न देता येणे; कारण नसताना वजन घटणे आणि रात्री झोपमोड करणारे, कूस बदलूनही न थांबणारे दुखणे; लघवी-संडासावरचा ताबा जाणे किंवा बैठकीची जागा बधिर होणे; चालताना छातीत दुखणे. यातील पोटरीच्या सुजेला घरचे लोक ‘पायात गोळा आला’ म्हणून तेल चोळत बसतात. शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असताना चोळणे धोक्याचे असते, हे त्यांना तेथेच स्पष्ट सांगा.

बीपी पहिल्या भेटीत आणि ताकदीच्या व्यायामाआधी मोजा. विश्रांतीच्या स्थितीत वरचा आकडा २०० च्या किंवा खालचा ११० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीची साखर १०० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायला द्या. उपाशीपोटी, ‘व्यायाम करूनच नाश्ता करते’ म्हणणाऱ्या काकूंना तर हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. आणि गोळ्यांच्या पाकिटांत बीटा ब्लॉकर (बीपी किंवा हृदयाच्या त्रासासाठीची, नाडी मंदावणारी गोळी) दिसले, तर नाडीच्या आकड्यावर विसंबून श्रम ठरवू नका, कारण त्या गोळ्यांमुळे नाडी श्रमाच्या प्रमाणात वाढत नाही. अशा वेळी रुग्णाला स्वतःला किती श्रम जाणवतात हे विचारणे जास्त भरवशाचे ठरते.

३. एक्स-रे पाहा, पण मोजमाप माणसाचे घ्या

झिजेच्या श्रेणी लावण्याची केलग्रेन आणि लॉरेन्स यांची पद्धत १९५७ पासून वापरात आहे. तिच्यात शून्य ते चार अशा पायऱ्या आहेत. मात्र एक्स-रेमधली श्रेणी आणि रुग्णाचे दुखणे यांची जोडी नेहमी जुळत नाही. चौथ्या श्रेणीचा गुडघा घेऊन शेतात राबणारी माणसे भेटतात आणि दुसऱ्या श्रेणीचा गुडघा असलेली व्यक्ती जिना टाळताना दिसते. रुग्ण मात्र ‘गॅप संपलीय’, ‘वंगण आटलंय’ ही वाक्ये ऐकून आलेला असतो आणि हालचाल केली तर उरलेसुरलेही घासून जाईल या भीतीने पाय जपत असतो. ती भीती पहिल्या भेटीत काढली नाही तर पुढचे सगळे व्यायाम कागदावरच राहतात. कूर्चेला, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो आणि भार येण्या-जाण्यातूनच तिचे पोषण होते, हे सोप्या शब्दांत सांगितले की बहुतेकांना पटते.

मोजायच्या गोष्टी थोड्या ठेवा, पण प्रत्येक वेळी त्याच पद्धतीने मोजा. मी पुढील पाच गोष्टी घेते. पहिली, दुखणे शून्य ते दहा या पट्टीवर, बसलेले असताना आणि जिना उतरताना वेगवेगळे. दुसरी, गुडघा किती अंश वाकतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पूर्ण सरळ होतो का. तिसरी, गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर टेपने घेतलेला घेर, दोन्ही पायांचा. चौथी, उताणे झोपून पाय सरळ उचलताना गुडघा शेवटी थोडा वाकतो का. तसे झाले तर मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद शेवटच्या काही अंशांत कमी पडते आहे असे समजावे. पाचवी, ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठता येते.

ही शेवटची चाचणी घेताना रुग्णाचे हात छातीशी एकमेकांवर ठेवलेले असावेत. हाताचा आधार घ्यावाच लागला तर नोंद शून्य करायची, हे कठोर वाटले तरी नियम तोच आहे. ६० ते ६४ वयाच्या स्त्रीला १२ पेक्षा कमी आणि त्याच वयाच्या पुरुषाला १४ पेक्षा कमी वेळा उठता आले, तर ताकद वयाच्या मानाने कमी मानली जाते. हा आकडा रुग्णालाही लगेच समजतो. ‘मागच्या वेळी सात, आज दहा’ हे ऐकल्यावर चेहऱ्यावर जो फरक पडतो तो गोनिओमीटरच्या आकड्याने पडत नाही.

गुडघ्यात पाणी साठलेले असेल तर त्याची नोंद ठळक करा. सुजेमुळे मांडीचा पुढचा स्नायू मज्जासंस्थेच्या पातळीवरच दाबला जातो, त्यामुळे सूज असताना ताकदीचे व्यायाम कितीही केले तरी स्नायू पुरेसा जागा होत नाही. आधी सूज उतरवा, तोवर हलकी हालचाल आणि मांडी आवळण्याचा (पाय सरळ ठेवून मांडीचा पुढचा स्नायू काही सेकंद घट्ट धरण्याचा) व्यायाम पुरे.

४. उद्दिष्ट रुग्णाच्या घरातून घ्या

‘वेदना कमी करणे’ आणि ‘ताकद वाढवणे’ ही आपली उद्दिष्टे झाली. रुग्णाची उद्दिष्टे वेगळी असतात: एसटीची उंच पहिली पायरी दांडी न ओढता चढणे, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाजीची पिशवी घेऊन जाणे, गणपतीत ओट्यापाशी तासभर उभे राहून मोदक वळणे. यातले एक उद्दिष्ट निवडून केस पेपरवर रुग्णाच्याच शब्दांत लिहा आणि त्यापुढे सहा किंवा आठ आठवड्यांची मुदत टाका.

जमिनीवर बसण्याविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण या बाबतीत नवखे दोन टोके गाठतात. काही जण ‘मांडी घालायची नाही, खाली बसायचे नाही, भारतीय संडास वापरायचा नाही’ अशी यादी वाचून दाखवतात आणि ज्या घरात जेवण, पूजा, निवडणे-टिपणे सगळे जमिनीवर चालते तेथील स्त्रीला एका दिवसात घरात पाहुणी करून टाकतात. काही जण उलट, हट्टाने पूर्ण बैठक करून घेतात. दुखणे भरात असताना काही आठवडे खुर्ची, उंच आसन आणि कमोड वापरायला सांगावे हे योग्यच आहे. पण त्याच काळात जमिनीवरून उठण्याची रीत शिकवावी. आधी एका कुशीवर वळायचे, मग हात-गुडघे टेकून यायचे, मग कमी दुखणारे पाऊल पुढे ठेवून भक्कम खुर्चीवर दोन्ही हात दाबत उठायचे. टेकलेला गुडघा टोचत असेल तर त्याखाली घडी घातलेली सतरंजी ठेवावी. घरात एकटे असताना पडल्यास हीच रीत उपयोगी पडते, त्यामुळे मी तिला व्यायामाइतकेच महत्त्व देते.

५. तीन किंवा चार व्यायाम निवडा, आठ नव्हे

मोजमापात जी उणीव सापडली तिच्यासाठी एक व्यायाम, असा सरळ हिशेब ठेवा.

गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघ्यामागची पोकळी खाली दाबायला सांगा. येथे सर्वांत नेहमीचा सापळा उशीचा आहे. रात्रभर गुडघ्याखाली उशी ठेवल्याने बरे वाटते म्हणून रुग्ण ती महिनोन्महिने ठेवतो आणि गुडघा हळूहळू वाकलेल्या स्थितीतच आखडतो. तुम्ही विचारल्याशिवाय हे कोणी सांगत नाही, म्हणून विचारा.

मांडीचा पुढचा स्नायू अशक्त असेल तर सुरुवात मांडी आवळण्यापासून करावी, मग एक पाय सरळ उचलणे, मग बसून वजनासह गुडघा सरळ करणे आणि खुर्चीवरून उठ-बस अशा चढत्या क्रमाने जावे. एक पाय उचलताना दुसरा गुडघा वाकवून पाऊल टेकलेले असलेच पाहिजे; हे न सांगितल्यामुळेच त्या आजींची कंबर धरली होती. वाटीच्या मागे दुखणाऱ्या रुग्णाला उभ्याने गुडघे वाकवायचे असतील तर सरळपासून ४५ अंशांपर्यंतच वाकवू द्या. बसून वजन उचलायचे असेल तर उलट, ९० पासून ४५ अंशांपर्यंतच्या टप्प्यात करून घ्या, कारण या दोन टप्प्यांत वाटीमागचा दाब तुलनेने कमी राहतो.

खुब्याच्या बाजूचे स्नायू विसरू नका. कुशीवर झोपून पाय उचलणे आणि उताणे झोपून कंबर उचलणे या दोन व्यायामांनी चालताना कंबर एका बाजूला झुकण्याचे प्रमाण कमी होते. कुशीवरचा व्यायाम करताना रुग्ण नकळत पाठीकडे कलंडतो आणि मग काम वेगळ्याच स्नायूकडून होते. त्याला भिंतीला पाठ आणि टाच टेकवून करायला सांगितले की ही चूक आपोआप टळते.

चौथी जागा चालण्यासाठी किंवा सायकलसाठी राखून ठेवा. प्रौढांनी आठवड्याला १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी ही शिफारस सर्वांना ठाऊक आहे, पण ज्या व्यक्तीला पाच मिनिटांत दुखू लागते तिला तो आकडा ऐकवून काही साधत नाही. पाच-पाच मिनिटांचे तीन तुकडे करा आणि दर आठवड्याला प्रत्येक तुकडा एक-दोन मिनिटांनी वाढवा. घरात सायकल असेल तर पॅडल खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३० अंश वाकलेला राहील इतकी बैठक उंच करून घ्या. बहुतेक घरांत ती फारच खाली असते. वजन कमी करण्याविषयी बोलायचे झाले तर एका किलोमागे प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, एवढा एकच हिशेब सांगा आणि उपदेश आवरा.

६. मात्रा ठरवा

या पायरीवर बहुतेकांचे काम ढिले पडते, म्हणून थोडे मागे जाते. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या अमेरिकन सैनिकांच्या गुडघ्यांवर शिकागोच्या लष्करी रुग्णालयात काम करताना थॉमस डिलॉर्म या डॉक्टरांनी हलक्या वजनाने असंख्य वेळा हालचाल करण्याची तेव्हाची रीत सोडून जड वजन थोड्या वेळा उचलायला लावले आणि १९४५ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. १९४८ पर्यंत त्यांनी आणि त्यांचे सहकारी वॉटकिन्स यांनी ती तीन फेऱ्यांवर आणली. जे वजन दहा वेळा नीट उचलता येते पण अकराव्यांदा येत नाही ते आधी शोधायचे; पहिली फेरी त्याच्या निम्म्या वजनाने, दुसरी पाऊणपट वजनाने आणि तिसरी पूर्ण वजनाने करायची, प्रत्येक फेरीत दहा वेळा. रुग्ण चार किलो दहा वेळा उचलू शकत असेल तर क्रम दोन, तीन आणि चार किलो असा होतो. ‘१० × ३’ या चिन्हामागे हा सगळा हिशेब दडलेला आहे, आणि त्यातले वजन गळून पडले की उरते ते फक्त पाढे म्हणणे.

झिजेच्या वयस्कर रुग्णाला पहिल्याच दिवशी अकराव्यांदा हात टेकेपर्यंत न्यायची गरज नाही. मी असे वजन निवडते की दहा ते पंधरा वेळा केल्यानंतर ‘आणखी दोन-तीन वेळा जमलं असतं’ असे रुग्ण म्हणेल. ‘अजून पन्नास करू शकते’ असे उत्तर आले तर ती मात्रा नव्हे, ती नुसती हालचाल आहे. श्रम मोजण्यासाठी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ही पट्टी वापरता येते. १२-१३ म्हणजे ‘थोडे कष्टाचे’ या जागी सुरुवात करावी.

प्रत्येक व्यायामापुढे चार गोष्टी लिहा: आठवड्यातून किती दिवस, किती जड, किती वेळा व किती फेऱ्या, आणि दोन फेऱ्यांमध्ये किती विश्रांती. ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून करावेत. मांडी आवळणे आणि हालचालीचे हलके व्यायाम रोज चालतात. आवळून धरण्याच्या व्यायामात पाच ते सहा सेकंद पुरे असतात आणि त्या काळात मोठ्याने अंक मोजायला सांगावे, कारण जो बोलतो आहे त्याला श्वास कोंडता येत नाही. श्वास कोंडून जोर केला की बीपी एकदम उसळतो. हेही ध्यानात असू द्या की असा व्यायाम ज्या कोनात केला जातो, ताकद मुख्यतः त्या कोनाच्या आसपासच वाढते. म्हणून तो आयुष्यभर चालवायचा व्यायाम नव्हे.

७. शिकवा, आणि रुग्णाकडून शिकून घ्या

प्रत्येक व्यायाम आधी स्वतः करून दाखवा, मग हात लावून रुग्णाकडून करून घ्या, मग हात काढून घ्या आणि शेवटी गप्प बसून पाहा. चौथी पायरी सर्वांत अवघड आहे, कारण मध्ये बोलण्याचा मोह आवरत नाही. मी रुग्णाला म्हणते, ‘आजी, समजा मी आता तुमच्या घरी आलेय आणि माझाच गुडघा दुखतोय, मला शिकवा बरं.’ शिकवताना त्या जे विसरतात तेच घरी चुकणार असते.

सूचना शरीररचनेच्या भाषेत देऊ नका. ‘क्वाड्रिसेप्स आकुंचित करा’ याऐवजी ‘गुडघ्यामागचा टॉवेल पलंगात रुतवा’ म्हणा आणि वाटी मांडीकडे सरकताना रुग्णाला स्वतःचे बोट लावून पाहू द्या. उठ-बस शिकवताना ‘नाक पायाच्या अंगठ्याच्या पुढे न्या आणि मग उठा’ एवढे सांगितले की धड आपोआप पुढे झुकते. गुडघे एकमेकांकडे कलत असतील तर मांड्यांभोवती सैल बँड बांधून ‘बँड पडू देऊ नका’ म्हणा. दहा वेळा ‘गुडघे बाहेर’ ओरडण्यापेक्षा हे लवकर कळते.

‘मशीन नाही का लावणार?’ हा प्रश्न येणारच. शेक आणि करंट यांनी काही वेळ आराम पडतो आणि त्या आरामात व्यायाम करणे सोपे जाते, हे खरे असल्याने तसेच सांगा. मात्र अर्ध्या तासाच्या भेटीत पंचवीस मिनिटे यंत्र आणि पाच मिनिटे व्यायाम अशी वाटणी झाली, तर रुग्ण जो समज करून घेतो तो पुढे मोडता येत नाही.

८. दुखण्याचा नियम आधीच ठरवून द्या

व्यायाम करताना थोडे दुखणार, हे न सांगता रुग्णाला घरी पाठवले तर पहिल्या कळेला व्यायाम बंद होतो. नियम असा द्या: शून्य ते दहाच्या पट्टीवर पाचपर्यंतचे दुखणे चालेल, पण ते २४ तासांत पूर्वीच्या पातळीवर यायला हवे आणि दुसऱ्या सकाळी गुडघा सुजलेला नसावा. तसे झाले नाही तर व्यायाम सोडायचा नाही, वजन किंवा फेऱ्या कमी करायच्या. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून चालणाऱ्या ‘ग्लॅड’ या सांध्यांच्या झिजेसाठीच्या कार्यक्रमातही रुग्णांना आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, अशाच प्रकारे दुखण्यावर नजर ठेवून व्यायाम दिला जातो.

मांडीत दोन दिवस राहणारा ठणका आणि सांध्यातली कळ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही दाखवून द्या. रुग्णाला ‘कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा’ म्हणावे. बोट सांध्याच्या फटीवर गेले तर मात्रा तपासा. पूर्ण तळहात मांडीवर फिरला तर तो नव्या श्रमाचा ठणका आहे आणि तो सहसा एक ते तीन दिवसांत जातो.

९. घरी काय आणि कधी, हे घरच्या वेळापत्रकात बसवा

‘सकाळ-संध्याकाळ’ ही वेळ नव्हे. टाचा उचलण्याचा व्यायाम ओट्याला धरून कुकरच्या पहिल्या शिट्टीपासून तिसरीपर्यंत, मांडी आवळणे मालिकेच्या जाहिरातीत, उठ-बस दुपारच्या चहाआधी, असे एकेका व्यायामाला एकेक खुंटी द्या. वेट कफ नसेल तर जुन्या पायमोज्यात अर्धा किलो मीठ किंवा वाळू भरून तोंड शिवावे; पाण्याच्या बाटल्या घोट्याला बांधायला सांगू नका, त्या निसटतात. पायरीच्या व्यायामासाठी लाकडी पाट वापरू नये, गुळगुळीत फरशीवर तो सरकतो. जिन्याची सर्वांत खालची पायरी आणि तिच्या शेजारचा कठडा पुरेसा असतो.

कागद द्यायचाच असेल तर हाताने लिहा, मोठ्या अक्षरात, आणि गुणाकाराचे चिन्ह वापरू नका. ‘दहा वेळा करा. एक मिनिट बसा. पुन्हा दहा वेळा. पुन्हा एक मिनिट बसा. शेवटचे दहा,’ असे लिहिलेले मी आता देते. रुग्णाच्याच मोबाइलवर त्याचाच व्यायाम करतानाचा छोटा व्हिडिओ काढून दिला तर आणखी बरे. त्यासाठी परवानगी विचारा आणि तो स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नका. दिनदर्शिकेच्या त्या-त्या तारखेच्या चौकोनात केलेल्या दिवशी बरोबरची खूण करायला सांगा. पुढच्या भेटीत दिनदर्शिकेचे पान मागितले जाणार आहे हे माहीत असले की खुणा होतात.

१०. पुन्हा मोजा, वाढवा, लिहा

पहिली फेरभेट आठवड्याच्या आत ठेवा, कारण चुकीची सवय पंधरा दिवसांत पक्की होते. त्यानंतर दर दोन आठवड्यांनी तीच पाच मोजमापे घ्या. पहिल्या तीन-चार आठवड्यांत आकडे सुधारले तरी मांडीचा घेर वाढणार नाही. सुरुवातीची ताकद मुख्यतः मज्जासंस्था स्नायूला नीट कामाला लावते त्यातून येते आणि स्नायू जाड व्हायला सहा-आठ आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. हे रुग्णाला आधी सांगितले नाही तर ‘पाय तर तसाच काडी आहे’ ही तक्रार ऐकावी लागते.

वाढवण्याचा माझा नियम साधा आहे: ठरवलेल्या आकड्यापेक्षा दोन जास्त वेळा, व्यायामाच्या लागोपाठच्या दोन सत्रांत, पद्धत न बिघडता आणि २४ तासांचा नियम न मोडता करता आले, तर वजन अर्ध्या किलोने वाढवायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वजन, फेऱ्या आणि पायरीची उंची तिन्ही एकाच भेटीत वाढवल्या आणि गुडघा सुजला, तर दोष कोणाचा हे शोधता येत नाही.

नोंद करताना ‘व्यायाम चालू ठेवले’ हे वाक्य लिहू नका. तारीख, व्यायाम, वजन, वेळा व फेऱ्या, व्यायामापूर्वीचे व नंतरचे दुखणे, बीपी, दिलेली सूचना आणि रुग्णाची संमती, एवढे प्रत्येक भेटीला लिहिलेले असावे. तुम्ही रजेवर असताना तो केस पेपर दुसऱ्या कोणाच्या हातात गेला, तर त्याला त्याच मात्रेपासून पुढे जाता आले पाहिजे.

नियमित व्यायाम करूनही बारा आठवड्यांत काहीच आकडा हलला नाही, रात्रीचे दुखणे वाढत गेले, गुडघा अडकू लागला किंवा घराच्या आत चालणेही आक्रसत गेले, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवताना सोबत ही सगळी मोजमापे एका पानावर लिहून द्या. पुढे गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली तरी तोवरची ताकद वाया जात नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा पाय उचलायला सांगाल तेव्हा कोणत्या व्यायामाविषयी बोलत आहात हे त्या रुग्णाला आधीच ठाऊक असेल.